जिभेखालची गोळी

सरकारी नशामुक्ती केंद्रात समोरच्या बाकावर गुरतेज येऊन बसला आणि सिमरतने घाईने ओढणी तोंडावर ओढली. तिच्याच गावचा, दुधाच्या गाडीवरचा गुरतेज... नेमका इथे!

गावाजवळचं सोडून हे लांबचं केंद्र तिने मुद्दाम निवडलं होतं. घरी शिवणक्लासचं नाव सांगून ती दोन बस बदलून यायची. चिट्ट्याच्या, म्हणजे हेरॉइनच्या पुडीतून तिला इथे रोज मिळणाऱ्या गोळीनेच बाहेर काढलं होतं. थोरल्या भावाला, जसपालला कळलं तर तो मारेल, ते परवडलं. पण इथे येणं बंद करेल, आणि मग ती पुन्हा पुडीकडे जाईल. पंजाबात असे किती गेले, हे तिला ठाऊक होतं.

पळावं तर जिभेखाली गोळी. ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही. बोललं की गोळी पोटात जाऊन वाया जाते, आणि परमजीत सिस्टर त्या दिवशी दुसरी देत नाहीत. गुरतेजच्याही तोंडात गोळी होतीच. दोघं दहा मिनिटं मुकाट एकमेकांकडे बघत राहिली.

बाहेर पडल्यावर तो हळूच म्हणाला, "शिवण शिकतेस म्हणे? एक सदरा शिवून दे की."

"आधी तू तोंड शिवून घे," ती म्हणाली.

त्याने खरंच शिवलं. गावात चकार शब्द काढला नाही. केंद्रात मात्र रोज ती दहा मिनिटं... त्याची नजर, तिचं ओढणीआडचं हसू. शेजारी तो बसला की तिच्या तळहातांना घाम फुटायचा — निम्मा भीतीचा, निम्मा दुसराच.

आणि एका सकाळी दारात जसपाल उभा राहिला. कुणीतरी चुगली केली होती. दोघांच्याही गोळ्या नुकत्याच जिभेखाली गेल्या होत्या.

गुरतेज उठला आणि स्पष्ट म्हणाला, "वीरजी, ती माझ्यामुळे आली. नशा माझी. मीच तिला इथे बोलावलं."

त्याची गोळी वाया गेली. आता दिवसभर हाडं मोडून निघणार, हे सिमरतला आपल्या हाडांनी कळलं. जसपालने त्याची कॉलर धरली, दुसऱ्या हाताने तिचं मनगट ओढलं. मुकाट गेली असती तर ती सुटली असती... आणि हे दार कायमचं मिटलं असतं.

ती उठली नाही. घड्याळाकडे बोट दाखवून तिने भावाला थांबायची खूण केली. डोळे वाहत होते, पण तोंड मिटलेलं. जसपालने तिचं मनगट सोडलं.

सिस्टरांनी बॅटरी मारून जिभेखाली पाहिलं. "झालं, पुत्तर."

"वीरजी, तो खोटं बोलतोय," सिमरत म्हणाली. "ही गोळी माझी आहे. वर्ष झालं."

जसपालची मूठ सैल झाली. तो बाकावर मटकन बसला.

सिमरत गुरतेजकडे वळली. भीती अजून होतीच, पण तिने सांगून टाकलं, "उद्यापासून माझ्यासाठी तोंड उघडायचं नाही. गोळी नीट घ्यायची. मला तू हवायस, गुरतेज... आणि जिवंत हवायस."