तळ्याकाठची संध्याकाळ

फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाला तिने तोंडही उघडू दिलं नाही. "घोडी विकायची नाही! बाबा काय वाट्टेल ते म्हणोत. आल्या पावली परत जा!"

"जातो की... पण आधी तपासली तर चालेल?" त्याने हातातली बॅग वर करून दाखवली. "मी जनावरांचा डॉक्टर. बाबांनीच बोलावलंय."

तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तो मात्र गालातल्या गालात हसत तबेल्यात शिरलासुद्धा.

बाईसाहेबांची – घोडीला घरात सगळे हेच म्हणत – अवस्था बघवत नव्हती. खांबाला घासून घासून अर्धी आयाळ गेलेली, शेपटीच्या मुळाशी कातडं सोललेलं. हिचे हाल मला बघवत नाहीत, उतार पडला नाही तर विकून टाकू, असं बाबांनी बजावलं होतं.

"चिलटं चावल्याची ॲलर्जी आहे," तो म्हणाला. "संध्याकाळी कुठे असते ही?"

"तळ्याकाठी. मीच नेते रोज... तेवढंच तिला गार वाटावं म्हणून."

"चिलटं नेमकी तिथेच असतात. आणि त्याच वेळी."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हणजे लाड करता करता तिनेच घोडीला हे दुखणं लावलं होतं!

"अहो, रडताय काय? तिला कुठे राग आलाय? बघा, तुमचीच बाही चघळतेय."

मग उपचार सुरू झाले. खाज उतरायला औषध, जखमांना मलम, पहाटे आणि संध्याकाळी तबेल्यातच मुक्काम. समोर मोठा पंखा, कारण वाऱ्यापुढे चिलटांचं काही चालत नाही. अंगावर घालायला तिने बारीक जाळीची झूल शिवली. ती मानेशी तोकडी झाली, म्हणून पुन्हा माप घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली... आणि दोघंही माप विसरले.

आयाळ हळूहळू भरून आली. बाबांनी विकायचं नाव टाकलं. डॉक्टर मात्र रोज येतच राहिले.

"डॉक्टर, घोडी तर केव्हाच बरी झाली," एके दिवशी बाबांनी विचारलंच. "तुम्ही अजून तपासताय काय?"

तो घोडीसारखाच मान खाली घालून उभा राहिला. बाबा मिशीत हसत निघून गेले.

"माझ्यामुळे तुमचं तळ्यावर जाणं सुटलं," तो चाचरत म्हणाला. "बाईसाहेबांना नाही नेता येणार, पण... माझ्याबरोबर याल? रोज?"

"चिलटं चावतील."

"चावू देत. मला आवडता तुम्ही. खूप."

तिने पंखा सुरू केला, घोडीच्या कपाळावर हात फिरवला आणि त्याची बाही धरून म्हणाली, "चला."