कार्थेजच्या वेढ्याला गूळपाणी

माझं काम सॉफ्टवेअर तपासायचं. पुन्हा करून दाखवता येत नाही ते घडलंच नाही, असं मानून मी पगार घेतो.

२०१३च्या जूनमध्ये सिंगापूरला, बुकित पंजांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर कार्थेज उभं होतं. दहा वर्षांच्या इराचा सुट्टीतला प्रोजेक्ट. पुठ्ठ्याचा तट, आत घरं, बाहेर वेढा घालून बसलेले मातीचे चाळीस रोमन सैनिक. मधल्या घरावर तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं.

"पपा, रोम सगळं घेतं. कॅनॉट स्टॉप, लाह," ती ऐटीत म्हणाली.

दोन दिवसांनी तिला डेंग्यू झाला. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात अॅडमिट केलं. प्लेटलेट नव्वद हजार. तिचे कपडे न्यायला घरी आलो, तर सैनिक तटाला भिडलेले. पंख्याचा वारा, दुसरं काय! पंखा बंद करून गेलो.

दुसऱ्या दिवशी चाळीस हजार. तटाला भगदाड, आठ सैनिक आत.

तिसऱ्या दिवशी अठरा हजार. चाळीसही जण इराच्या घराभोवती.

बरोबर माझी बायको अश्लेषा होती. ती स्वयंपाकघरातून गुळाचा खडा आणि पाण्याची वाटी घेऊन आली.

"उन्हातान्हातून आलेत. दारी आलेल्याला आधी गूळपाणी."

"अगं, शत्रू आहेत ते."

"म्हणूनच. खाल्ल्याला तरी जागतील."

एरवी मी तिची टर उडवली असती. मी हात जोडले.

संध्याकाळी प्लेटलेट तीस हजार. सकाळी साठ. घरी वाटी कोरडी होती, गूळ नव्हता, मुंगी एक नव्हती. फौज तटाबाहेर गेली होती. मी त्या मातीच्या गोळ्यांना साष्टांग नमस्कार घातला. लाज वाटली नाही. आजही वाटत नाही. माझी मुलगी दिली त्यांनी मला. हे उपकार फिटायचे नाहीत.

इराला घरी आणलं, तेव्हा टेबलावर एकही सैनिक नव्हता.

ते बाहेर कॉरिडॉरमध्ये होते. समोरच्या मिसेस टॅनच्या उंबऱ्याशी, तोंडं दाराकडे. याच बाईंनी हॉस्पिटलचे पाचही दिवस आम्हाला जेवण पोचवलं होतं.

आतून त्यांचा क्षीण आवाज आला, "टुडे नो कुकिंग, हां. आय गॉट फीव्हर."

"गूळ आणते," अश्लेषा कुजबुजली.

मी तिचं मनगट धरलं. "आपलं खाल्लंय त्यांनी. पुन्हा दिलं तर पुन्हा आपल्याकडे येतील."

तिने हात सोडवून घेतला नाही.