पांढऱ्या फडक्याचं गाव

सन २०६१ मधल्या उजळगावची ही हकिगत आहे. हे गाव इतकं स्वच्छ होतं की कावळे पाय पुसल्याशिवाय झाडावर बसत नसत, आणि वाट चुकून आलेली माशी वेशीवरची पाटी वाचून लाजेनं परत फिरे. ह्यात मी तिखटमीठ लावलंय असं वाटेल. थोडंच लावलंय. स्वच्छ गावाचा चषक सलग एकोणीस वर्षं उजळगावातच होता, हे मात्र खरं.

आणि तरीही ह्या गावातलं प्रत्येक दुसरं मूल खाजवत असे. वर्गात गुरुजींचा आवाज यायच्या आधी खाजवण्याचा आवाज यायचा. कुणाला दमा, कुणाचं नाक बारा महिने वाहतं, कुणाला दूध चालत नाही, कुणाला अंडं. धूळ नाही, डास नाहीत, जंत नाहीत, मग मुलं आजारी कशानं?

अकरा वर्षांच्या शाल्मली साबळेला ह्याहून वेगळं एक कोडं पडलं होतं. ती दहा महिन्यांची असताना, एका संकष्टीला, तिच्या आजोबांनी तिला मांडीवर घेऊन साबुदाण्याच्या खिचडीचा पहिला घास भरवला. बोटांनी अगदी मऊ कुस्करलेला, दाण्याचं कूट घातलेला. पाचव्या मिनिटाला तिचे ओठ सुजले. दहाव्या मिनिटाला श्वास अडकू लागला. उडती रुग्णवाहिका वेळेवर आली म्हणून ती वाचली. त्या दिवसापासून साबळ्यांच्या घरात शेंगदाणा आला नाही आणि आजोबांनी, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं, नातीला पुन्हा कधी स्वतःच्या हातानं काही भरवलं नाही. तसं करा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ताट पुढे सरकवायचे आणि हात मागे घ्यायचे.

डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की ही ॲलर्जी (निरुपद्रवी वस्तूला शत्रू समजून शरीरानं केलेली लढाई) आहे. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नव्हतं. ती विचारायची, "शेंगदाणा मी त्याआधी कधी खाल्लाच नव्हता. ज्याला आपण भेटलोच नाही, त्याच्याशी वैर कसं असेल?"

ह्यावर अण्णा गप्प बसायचे, आणि अण्णा गप्प बसले म्हणजे नवल. कारण ते पट्टीचे थापाडे. तरुणपणी ते रसायनशास्त्रज्ञ होते, आणि उजळगाव ज्याच्या जिवावर उजळलं ती 'झळक' नावाची धुण्याची भुकटी त्यांनीच शोधलेली. झळकच्या पाण्यानं फळा पुसला तर गेल्या वर्षीची गणितंही निघून जातात, असं ते सांगत. एकदा एक पोतं नदीत पडलं तर खालच्या तीन गावांच्या म्हशी गोऱ्या झाल्या आणि मालकांना ओळखेनात, असंही सांगत. लोक पोट धरून हसत आणि झळक वापरत. भांड्यांना झळक, फरशीला झळक, आणि प्रत्येक घराच्या दारात एक न्हाणकमान, जिच्याखालून जाताना अंगावर झळकच्या पाण्याचा फवारा उडे.

गावाची आणखी एक रीत होती. दर सोमवारी फडकं समिती घरोघरी फिरे. समितीच्या प्रमुख शेवंताकाकू प्रत्येक मुलाच्या कोपराच्या आतल्या बाजूला आणि गालावर पांढरं फडकं तीनदा घासत. फडकं पांढरंच राहिलं तर दारावर हिरवी चांदणी. डाग पडला तर तेच फडकं आठवडाभर दाराला टांगून ठेवायचं आणि त्या मुलाला दुप्पट घासायचं.

शाल्मलीच्या भावाला, ज्याला घरात सगळे बोकोबा म्हणत, दोन महिने पूर्ण झाले आणि त्याची पहिली परीक्षा झाली. फडक्यावर पिवळट डाग आला. आई, म्हणजे सुनेत्रा, त्या दिवसापासून त्याला चार वेळा न्हाऊ घालू लागली. पुढच्या सोमवारी डाग मोठा झाला. मग सहा वेळा. बाळाच्या डाव्या गालावर नाण्याएवढा लाल, खरबरीत चट्टा उठला. शाल्मलीनं आपले लहानपणीचे फोटो काढून पाहिले. तिच्याही डाव्या गालावर, तेवढाच, तसाच चट्टा होता. चार महिन्यांनी बोकोबा वरचं खाऊ लागणार होता. तिला पुढचं दिसलं: तसाच पहिला घास, तसेच सुजलेले ओठ.

शाल्मलीच्याही कोपरांच्या आत खाजवून जखमा झाल्या होत्या; त्यांच्यावर नजर ठेवायला तालुक्याच्या दवाखान्यानं तिला पंधरा दिवसांसाठी एक यंत्रमानव दिला होता. तिळाएवढा, सहा पायांचा, म्हणून तिळू. तो कातडीवरून चालत जाई, त्याला दिसलेलं चित्र समोरच्या भिंतीवर उमटे आणि त्याचा आवाज एका डबीतून येई. शाल्मलीनं दारावरचं डागाळलेलं फडकं काढून आणलं, टेबलावर पसरलं आणि तिळूला त्यावर सोडलं. मळ कसला आहे ते कळलं तर तो निघेल कशानं तेही कळेल, एवढाच तिचा हिशेब. अण्णा खुर्चीत होते, आई बाळाला थोपटत दारात उभी होती.

भिंतीवर पातळ, चपटे तुकडे दिसू लागले, कौलांच्या ढिगासारखे.

"अण्णा, हा मळ नाही," तिळू म्हणाला. "ह्या विटा आहेत."

कुठल्या विटा, असं आईनं विचारलं. तेव्हा तिळूनं तिची परवानगी घेऊन आधी बाळाच्या पोटावरची, मग गालावरची कातडी दाखवली. पोटावर चपट्या विटा एकमेकींवर नीट रचलेल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये चकाकता चुना भरला होता. तिळूनं समजावलं की ह्या विटा म्हणजे कातडीच्या सगळ्यात वरच्या पेशी (ज्यांनी शरीर बनतं ते सूक्ष्म कण), आणि चुना म्हणजे शरीरानं स्वतः बनवलेला स्निग्ध पदार्थ. विटांच्या खाली जिवंत अस्तरपेशी (शरीराला आतून-बाहेरून झाकणाऱ्या पेशी) एकमेकींना बिलगून उभ्या असतात. शेजारच्या दोघींमध्ये घट्ट सांधा (दोन पेशींना जोडणारी बारीक शिवण) असतो. पाणी आतलं आत, बाहेरचं बाहेर. असंच अस्तर नाकात, श्वासनळीत, आतड्यातही असतं, फक्त तिथे वर विटा नसतात, म्हणून ते आणखी नाजूक.

गालावरचं चित्र पाहून आईनं बाळाला छातीशी धरलं. तिथे चुना नव्हता. विटा सुटून कडेनं वर उचलल्या होत्या आणि फटी थेट खालपर्यंत गेल्या होत्या. त्या फटींतून पिवळट पाणी झिरपत होतं. फडक्यावर येत होतं ते तेच, पाणी आणि विटा.

सुनेत्रानं बाळाच्या गालाजवळ हलकेच बोट नेलं. मग हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे मी भिंत घासून काढत होते. आणि भिंतीची माती निघाली की म्हणत होते, अजून मळ आहे."

चुना कशानं गेला, हे विचारायची गरज नव्हती. ताटावरचं तूप कोणतं आणि कातडीतला चुना कोणता, हे झळकला कळत नाही. स्निग्ध दिसलं की तिनं विरघळवलं. हे त्या खोलीत अण्णांइतकं कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं. ती कशी विरघळवते, ह्याची चार पानी मांडणी त्यांनीच केली होती.

शाल्मलीनं मात्र आपलं कोडं पुढे रेटलं. भिंत फुटली तर खाज येईल, पण त्यात शेंगदाण्याचं काय?

तिळूनं एकेक पायरी सांगितली. फुटलेल्या अस्तरातल्या पेशी ओरडतात, म्हणजे धोक्याचे रासायनिक निरोप सोडतात. ते मिळताच प्रतिकारपेशी (शरीराच्या पहारेकरी पेशी) धावत येतात. फोडाफोड तर झालेली आहे, पण चोर कोण? फटीपाशी जो सापडेल तो. मग तो घरातल्या धुळीतला एखादा साधा कण का असेना. पहारेकरी त्याच्या नावाचं प्रतिपिंड (एका ठरावीक वस्तूलाच ओळखणारा रक्तातला पदार्थ) बनवतात आणि पकडवॉरंटासारखं अंगभर वाटून टाकतात, नाकात, घशात, आतड्यात. पुढे तो कण तोंडावाटे आला की सगळे एकदम तुटून पडतात. लढाईत भिंत आणखी ढासळते, खाजवल्यानं आणखी, आणि नवे कण आत येतात. म्हणून असली सूज (पहारेकऱ्यांच्या लढाईची आग) लवकर विझत नाही. झळकचा फवारा श्वासातून गेला की श्वासनळीच्या अस्तराचंही हेच होतं आणि त्यातून दमा वाढू शकतो.

"नाहीतर तोंडावाटे आलेल्याला शरीर सहसा पाहुणा समजतं," तिळू म्हणाला. "ताई, तू शेंगदाण्याला आधी भेटली होतीस. भिंतीच्या भगदाडातून भेटलीस."

सगळ्याच ॲलर्जी अशाच होतात असं नाही, हेही त्यानं सांगितलं. काहींचा चुना जन्मतःच पातळ असतो, काही गोष्टी अजून कुणालाच उलगडलेल्या नाहीत. आणि जेवणाआधी, शौचानंतर हात धुवायचे ते धुवायचेच. दोष धुण्याचा नाही, भिंत वाहून जाईपर्यंत धुण्याचा आहे.

अण्णांनी विचारलं की दहा महिन्यांच्या बाळाच्या गालाला शेंगदाण्याचे कण लागतील कुठून. विचारलं खरं, पण त्यांचा हात आपोआप सदऱ्याच्या रिकाम्या खिशाकडे गेला होता. त्या काळी त्या खिशात दिवसभर भाजलेले दाणे असत. आणि आपली भुकटी लहान मुलांनाही चालते हे गावाला दाखवायला, दाणे खात खात, शाल्मलीला ते स्वतःच न्हाऊ घालत. रोज. सगळ्यांसमोर. गाल चोळून.

"म्हणजे घासात विष नव्हतं," अण्णा म्हणाले.

"नाही अण्णा," तिळू म्हणाला. "घास उशिरा आला, एवढंच."

दहा वर्षं हा माणूस एका घासासाठी स्वतःला गुन्हेगार समजत आला होता. आता त्या गुन्ह्यातून सुटका झाली होती, आणि सुटताक्षणी माथ्यावर आख्ख्या गावाच्या पोरांचा गुन्हा आला होता. शाल्मलीला वाटलं ते आता एखादी थाप मारतील. त्यांनी टेबलावरच्या फडक्याची नीट घडी घातली.

सोमवारी ते चावडीवर गेले आणि उभं राहून सगळं सांगितलं, विटा, चुना, खिसा, काहीही न वगळता. लोकांना वाटलं म्हातारा नवीन गोष्ट घेऊन आलाय. मागं म्हशी गोऱ्या केल्या, आता मळाच्या विटा केल्या, असं कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. अण्णा आयुष्यात पहिल्यांदाच काहीही न वाढवता बोलत होते आणि नेमकं तेव्हाच त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.

शेवंताकाकू तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांच्या नातवाला दमा होता. त्या अण्णांच्या जवळ आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही म्हणता ते खरं असेल, तर माझ्या निनादचा श्वास मी ह्या हातांनी बिघडवला. म्हणून ते खरं नाही, अण्णा." आणि फडकं घेऊन पुढच्या घराकडे गेल्या.

उजळगाव बदललं नाही. न्हाणकमानी तशाच फवारत राहिल्या आणि त्या वर्षी गावाला विसावा चषक मिळाला. साबळ्यांनी मात्र आपली कमान बंद केली. बोकोबाला साध्या कोमट पाण्यानं थोडक्यात अंघोळ, आणि लगेच डॉक्टरांनी दिलेल्या घट्ट मलमाचा थर. शाल्मलीलाही तेच. दर सोमवारी फडकं चिकट व्हायचं, दाराला टांगलं जायचं. शाळेत तिच्याशेजारी कुणी बसेना.

पंधरा दिवसांची मुदत वाढवून घेतलेल्या तिळूनं पाचव्या आठवड्यात सांगितलं की बाळाच्या गालावरची भिंत सांधली. शाल्मलीच्या कोपराच्या फटीही बुजत होत्या. तिनं त्याला एकटीनं गाठून विचारलं, की भिंत बांधून झाली म्हणजे पहारेकरी ते वॉरंट फाडून टाकतील ना.

"बहुतेक नाही, ताई," तिळू म्हणाला. "त्यांची आठवण पक्की असते." मग त्यानं सांगितलं की कणाकणानं सवय लावून पहारेकऱ्यांना शांत करायचे प्रयोग चालू आहेत, काहींना त्याचा उपयोगही होतो. चुना पुन्हा कसा भरावा ह्यावरही लोक काम करताहेत. काम फार उरलंय. माणसं कमी आहेत.

शाल्मली म्हणाली, "मग मला मोठं व्हायला हवं लवकर."

बोकोबा सहा महिन्यांचा झाला. डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं, आपली औषधाची पेटी उघडून शेजारी ठेवली आणि शेंगदाण्याची पाण्यात कालवलेली अगदी पातळ पेज चमच्याच्या टोकावर घेतली. दहा वर्षांनी त्या घरात शेंगदाण्याचा वास आला. म्हणून शाल्मलीला अंगणात, बंद खिडकीच्या काचेबाहेर उभं राहावं लागलं. चमचा कुणी धरायचा ह्यावर आत थोडं बोलणं झालेलं तिला दिसलं, ऐकू आलं नाही. मग आईनं तो अण्णांच्या हातात दिला.

दहा वर्षांत अण्णांची भरवायची सवय मोडली होती; निम्मं दुपट्यावर सांडलं. उरलेलं बोकोबानं चाटलं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. डॉक्टरीणबाई घड्याळाकडे पाहत होत्या आणि अण्णा बाळाच्या ओठांकडे. अर्धा तास झाला तरी ओठ तसेच होते, फक्त ते आता चमचा शोधत होते.

"आणखी मागतोय का?" शाल्मलीनं काचेला तळहात टेकून बाहेरून विचारलं. अण्णांना शब्द ऐकू आले नसावेत, पण त्यांनी तिच्याकडे पाहून होकारार्थी मान हलवली. काचेबाहेरच्या नातीला पाहून त्यांना पुढे भरववेना, त्यांनी चमचा आईकडे दिला.

शाल्मलीनं हात काढला तेव्हा काचेवर मलमाचा पाच बोटांचा चिकट ठसा उमटला होता. उजळगावात काचेवर डाग म्हणजे केवढी नाचक्की. आईनं तो पाहिला, फडकं उचललं, आणि पुन्हा जागेवर ठेवून दिलं.