इशबेलने झाकलेला दगड

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. इशबेल माझी मावसबहीण, डूगल्ड तिचा थोरला भाऊ. आमच्या किलमार्टिन गावाच्या वरच्या डोंगरावर, जानेवारीतल्या एका दुपारी हे घडलं.

हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी खडकात कोरलेल्या वाट्या आणि त्यांभोवतीची वर्तुळं शोधायचा दोघांना भारी नाद. हिवाळ्यात ऊन तिरपं पडतं, तेव्हाच ते कोरीव काम नीट दिसतं. गवताचा थर गोधडीसारखा उचलायचा, बघायचं आणि जाताना पुन्हा पांघरायचा. आमच्याकडची ही शिस्तच आहे.

त्या दिवशी डूगल्डला मोठं वर्तुळ सापडलं.

"डोळे आहेत की बटणं? तीनदा यावरून चालत गेलीस!" तो हसला.

"पुरे तुझं कौतुक. ऊन चाललंय, आवर."

ती पिशवीतून खायला ओटकेक काढायला वळली. मागे खडकावर गारगोटी आपटल्याचा आवाज आला.

ठक्... ठक्...

तिने वळून पाहिलं, तर... डूगल्ड नव्हता.

ओल्या मातीत त्याच्या बुटांचे ठसे दगडापर्यंत आले होते. परत गेलेला एकही नव्हता.

"डूगल्ड! चेष्टा पुरे हं!"

धुकं उतरलं. मेंढ्यांचं ओरडणं बंद झालं. वारासुद्धा थांबला. घसा बसेपर्यंत तिने हाका मारल्या. मोबाइलला रेंज नव्हती. मदत आणायला खाली जाणं भाग होतं.

आणि निघताना तिने, हाताच्या सवयीने, गवताचा थर दगडावर पांघरला. पायाने नीट दाबलासुद्धा.

ती थोडी उतरली असेल...

ठक्... ठक्...

"इशबेल, उघड गं!"

आवाज जमिनीखालून येत होता.

ती वर धावली. पण नीट पांघरलेल्या गवतावर खूण कसली राहणार? धुक्यात सगळा उतार सारखाच, मातीतले ठसेही दिसेनात. ती रडत, शिव्या देत, देवाला विनवत दिसेल तिथलं गवत उपटत राहिली. नखं निघाली. शोधपथकाला ती तशीच सापडली. डूगल्ड सापडला नाही. तो दगडही नाही.

याला काही वर्षं झाली. ती अजून तिथे जाते. परवा फावडं घेऊन मीही गेलो. दोघं गवताला कान लावून पडलो.

ठक्...

बराच वेळ काहीच नाही.

ठक्...

"आधी कसा भराभर वाजवायचा," इशबेल म्हणाली. "तो दमत चाललाय रे."

मी फावडं उचललं आणि सुचेल तिथे खणायला लागलो.