रविवारचे तीन सेकंद

वीणाकाकूंच्या जेवणाच्या टेबलावर सहा घड्याळं होती. चार बंद. चालू असलेली दोन एकाच कंपनीची, आणि त्यांचे सेकंदकाटे अगदी एका वेळी सरकत होते.

"ही दोन्ही रेडिओवरून आपली वेळ लावून घेतात," काकू म्हणाल्या. "कोलोरॅडोहून सिग्नल येतो. ह्यांना फार कौतुक होतं."

मोहनकाकांना जाऊन महिना झाला होता. काकू जर्सी सिटीतलं घर आवरत होत्या. 'हवं ते घेऊन जा' हा मंडळाच्या ग्रुपवरचा त्यांचा मेसेज वाचून दोघंच आलो होतो. एक मी, आणि दुसरा ओलं जॅकेट हातावर घेऊन उभा असलेला सत्यजित. चालू दोनांपैकी एकेक घड्याळ घेऊन निघालो.

लिफ्टमध्ये तो म्हणाला, "काकू म्हणाल्या, तू फिजिक्सवाली. ह्याच्यावर भरवसा ठेवायचा का?"

"सिग्नल मिळाला तर. नाही मिळाला तर ते साधं घड्याळ. पण तसं सांगत नाही... मुकाट्याने चुकत राहतं."

"म्हणजे माझ्यासारखंच." तो हसला. डोळे हसले नाहीत. "अकरा दिवसांपूर्वी जॉब गेला. व्हिसाच्या नियमाने साठ दिवसांत दुसरा नाही मिळाला, तर परत नागपूर."

मी म्हटलं, "रविवारी रीडिंग घेऊया? दोन्हींचं."

तो सतराव्या मजल्यावर राहायचा. मी माझं घड्याळ पिशवीत घालून न्यायची आणि दोन्ही घड्याळं कॉम्प्युटरच्या वेळेशी ताडून बघायची. माझं अचूक. त्याचं पहिल्या रविवारी तीन सेकंद मागे, मग सहा, मग नऊ. समोरचे टॉवर सिग्नल अडवत असतील म्हणून मी ते खिडकीत ठेवून पाहिलं, मायक्रोवेव्हपासून लांब ठेवून पाहिलं. दर रविवारी त्याच्या घरातली एखादी वस्तू विकली गेलेली असायची. आधी सोफा, मग टेबल. पाचव्या रविवारी आम्ही जमिनीवर बसून एकाच कपातून चहा प्यायलो.

"कप पण विकलेस?"

"एक ठेवलाय. मुद्दाम."

सहाव्या रविवारी अठरा सेकंद. मी पहिल्यांदाच त्याचं घड्याळ उलटं केलं. मागे एक बारीक स्विच होता. सिग्नल बंद.

"हे कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"सत्यजित, मी सहा आठवडे समोरच्या टॉवरना शिव्या देतेय."

"बरोबर चाललं असतं, तर... दुसऱ्या रविवारी तू कशाला आली असतीस?"

काचेवर पाऊस वाजत होता. माझं बोट स्विचवर होतं. त्याने आपलं बोट त्यावर ठेवलं. "राहू दे ना."

"मला तू आवडतोस," मी म्हटलं. "हे मी रीडिंग न घेता सांगतेय."

साठाव्या दिवशी, मंगळवारी, दाराशी दोन बॅगा होत्या. नोकरी मिळाली नव्हती. घड्याळ त्याने माझ्या हातात दिलं.

"नागपुरात हा सिग्नल पोचत नाही. तुझ्याकडेच ठेव."

"परत येशील?"

"प्रयत्न करतोय, यार. शब्द कसा देऊ?" तो बराच वेळ बॅगेची चेन लावत राहिला. "वाट बघून कंटाळलीस तर स्विच चालू कर. काही लिहू नकोस – दर रविवारी नुसतं रीडिंग पाठव. मला कळेल."

आज बाविसावा रविवार. रीडिंग पाठवलं.

माझं घड्याळ: फरक शून्य. त्याचं: सहासष्ट सेकंद मागे.