एकाच घराची रांग

"माझ्या आईला तुमच्या कंपनीनं मारलं!"

मुलगा असा ओरडला की सर्व्हरच्या खोलीतल्या सगळ्यांच्या माना एकदम खाली गेल्या. ताठ राहिली ती फक्त इन्स्पेक्टर बाईंची.

बाईंसमोर ऑफिसातली सगळ्यात लहान प्रोग्रामर बसली होती. तिला सगळे चिमणी म्हणत. रडून रडून तिचं नाक टोमॅटो झालं होतं. संध्याकाळपर्यंत खरं काय ते सापडलं नाही, तर बेड्या तिलाच पडणार होत्या.

प्रकार असा होता. आजारी माणसाच्या खाटेशेजारी या कंपनीचं यंत्र असतं. श्वास अडखळला किंवा आजाऱ्यानं खाटेवरचं बटण दाबलं की ते मेसेज पाठवतं. मेसेज सर्व्हरवर रांगेत लागतो आणि तिथून डॉक्टरांच्या, घरच्यांच्या फोनवर जातो. काल दुपारी या मुलाच्या आईचा श्वास थांबला. एकही फोन वाजला नाही.

"रांग का तुंबली?" बाईंनी विचारलं.

"कुणीतरी फालतू मेसेजचा मारा केला. मेमरी भरली," चिमणी म्हणाली.

"म्हणजे सर्व्हर कोसळला?"

"नाही ना! पूर्वी कोसळायचा. म्हणून गेल्या आठवड्यात मी प्रत्येक घराला मेमरीचा वेगळा वाटा दिला. एका घराचा वाटा भरला, की त्याच घराचे मेसेज अडतात. बाकीचे चालू."

"अडलेले कुठे जातात? कचऱ्यात?"

"छे! यंत्रातच थांबतात. जागा झाली की येतात."

"मग अजून का नाही आले?"

"तुमच्याच माणसांनी कालपासून ती रांग गोठवलीय, मॅडम. पुरावा म्हणून."

मुलगा फिस्सकन हसला. "काय पण थापा! मीही इथंच नोकरीला होतो. रांग तुंबली की सगळीच घरं तुंबतात."

"काल किती तुंबली?"

"एकच," चिमणी पुटपुटली. "यांचं."

बाई त्याच्याकडे वळल्या. "घरी कोण होतं?"

"मी एकटा. नर्सताईंना मीच सुट्टी दिली होती. मी खाली होतो. आई झोपेतच गेली हो, अगदी शांतपणे."

"बास," बाई म्हणाल्या. "बाहेरच्या कुणी मारा केला असता, तर त्याचाच वाटा भरला असता. तुमचा वाटा भरायला मेसेज तुमच्याच घरातून, तुमच्याच पासवर्डनं सुटायला हवेत. आणि घरात तुम्ही एकटे! तुम्हाला वाटलं, पूर्वीसारखा सर्व्हर कोसळेल. गावभरची यंत्रं मुकी होतील. आणखी दहा-वीस जण तडफडून मरतील आणि त्या गर्दीत तुमची आई कुणाच्या डोळ्यांत यायची नाही. हिनं केलेला बदल तुम्हाला माहीतच नव्हता."

"वा! पुरावा?"

"चिमणे, कचरा काढ. रांग मोकळी कर."

चिमणीनं कळ दाबली.

मुलाच्या खिशातला फोन वाजला. पुन्हा वाजला. मग थांबेचना.

बाईंनी तो काढून घेतला. यंत्राचा श्वासाचा इशारा एकच होता. बाकीचे सगळे मेसेज खाटेवरच्या बटणाचे, आईनं स्वतः दाबलेले. वर ये. वर ये. वर ये.

"झोपेत कुणी बटण दाबत नाही," बाई म्हणाल्या.

चिमणीनं कान झाकून घेतले. मुलानं मात्र वैतागून मान झटकली.

"रोजचंच होतं तिचं. पाणी दे, कूस बदल, जवळ बस. कितीदा बजावलं होतं म्हातारीला, सारखं सारखं बटण दाबू नकोस म्हणून!"