गोजाबाईला लेकाचं तोंड बघायचं होतं

बस जरा, दिवा इकडं सरकव. मंद्रूपच्या बाजाराला मी का जात न्हाय, हेच विचारतोस ना? मग ऐक.

जुने चष्मे विकणं हा माझा धंदा. सोलापुरात डॉक्टरकडनं चष्मा करायचा तर गरिबाचं दिवाळं निघतं, आणि वर्षा-दोन वर्षांत नजर आणखी अधू झाली की पुन्हा तेच रडगाणं. मग लोक माझ्या टोपलीपुढं येऊन बसतात. एकेक लावून बघायचा, समोरच्या लिंबाची पानं दिसली की तो चष्मा आपला.

त्या दिवशी भर दुपारी गोजाबाई आली. धनगराची म्हातारी, दोन्ही डोळ्यांपुढं नुसता धूर. तिचं मनगट धरून आणणारा तिचा लेक, श्रीमंत नावाचा. गोऱ्या सरकारच्या लढाईत पलटणीबरोबर समुद्रापार बसऱ्याकडं गेला, मेला म्हणून सांगावा आला, आणि किती वर्षांनी एका सकाळी दारात उभा राहिला. गावानं ओळखला. आईनं तोंडावरनं हात फिरवून ओळखला. डोळ्यांनी तेवढा बघायचा राहिला होता, त्यासाठी तिनं दुभती शेळी विकली होती.

"कशाला गं आई खर्च," तो हळूच म्हणाला. "मी हाय की."

"गप रं. एकदा तुझं तोंड बघू दे मला."

पाच-सहा चष्मे झाले. मग एक तारेचा तिच्या नाकावर बसला आणि बाई ओरडलीच, "अगं बया! पान न् पान दिसाय लागलं की!" हसत हसत तिनं लेकाकडं मान वळवली.

हसू ओठावरच राहिलं.

श्रीमंत हातभर अंतरावर उभा होता. मला लख्ख दिसत होता, कपाळावरचा घामसुद्धा. ती मात्र त्याच्या पार पलीकडं बघत होती, मोकळ्या रस्त्याकडं. दुसऱ्या हातानं तिनं आपलं धरलेलं मनगट चाचपलं. त्याची बोटं होती तिथं... एकेक बोट चाचपलं तिनं.

मग चष्मा काढला. "न्हाय चाचा. ह्यातनं काय दिसत न्हाय."

माझं तोंड पहिल्यापासनं फाटकं. "आत्ता पानं दिसली म्हणालीस, आणि आता नाटकं करती व्हय?"

"न्हाय दिसत म्हणते की!" बाई रडायलाच आली. "मला न्हाय बघायचं... चल रं बाबा, घरला चल."

ती निघाली. काचेला काय झालं बघावं म्हणून मी तो चष्मा स्वतःच्या डोळ्यांना लावला. अल्लाकसम, धूसर का होईना, पण रस्त्यानं म्हातारी एकटीच चालली होती. एक हात पुढं ताणलेला, कुणी ओढत नेल्यासारखा. घाबरून चष्मा काढला, तर श्रीमंत मान वळवून माझ्याकडंच बघत होता.

पुढच्या बाजारी दोघं पुन्हा आली. तिच्या डोळ्यांवर पट्टी. पट्टीखालनं पाणी गळत होतं आणि डोळा जाळणाऱ्या रुईच्या चिकाचा उग्र वास येत होता.

"गोजाबाई, काय झालं गं हे?"

"लेकानं औषध घातलं. लई आग झाली, लई ओरडले... पण त्यानं हात सोडला न्हाय माझा."

लेक शेजारीच होता, निवांत. ती वाकली, माझ्या कानाशी आली.

"आता दिसतंय, चाचा. सगळं काळं, त्यात त्याचं तोंड तेवढं दिसतंय. जागी असू दे न्हायतर झोपेत... डोळा मिटताच येत न्हाय ओ."

"कसं हाय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"माझ्या श्रीमंतचं न्हाय," ती म्हणाली. "माणसाचंच न्हाय..."

"चल आई," तो मायेनं म्हणाला. "ऊन लागंल."

म्हातारी उठली. त्याच्याशिवाय तिला वाट दाखवणारं दुसरं कोण होतं? तिनं स्वतःहून हात पुढं केला, आणि दोघं घराकडं निघाली.